मांजरांतील खोकला : आकलन व उपचार यांचा इतिहास

श्वसनमार्गात शिरलेला परका पदार्थ किंवा तेथे साचलेला श्लेष्मा (कफ) हवेच्या जोरदार झोताबरोबर बाहेर टाकण्याची जी संरक्षक प्रतिक्षेपी क्रिया होते, तिला खोकला म्हणतात. खोकला हा स्वतंत्र रोग नसून स्वरयंत्र, श्वासनाल, श्वासनलिका किंवा फुप्फुसे यांतील विकृतीचे ते लक्षण होय. मनुष्य किंवा कुत्रा यांच्या मानाने मांजर कमी खोकते. त्यामुळे ते वारंवार खोकू लागले, तर ती बाब सहसा किरकोळ नसते. तथापि मांजरांतील हे लक्षण नीट ओळखून त्यामागील निरनिराळ्या रोगांची उकल होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. या इतिहासात एक विसंगती ठळकपणे दिसते. खोकल्याच्या शरीरक्रियाविज्ञानाचा पाया ज्या प्रयोगांनी घातला त्यांपैकी अनेक प्रयोग मांजरांवर झाले. परंतु घरात पाळलेल्या मांजराच्या खोकल्याकडे मात्र पशुवैद्यकाचे लक्ष फार उशिरा गेले.

लक्षणाची ओळख : मांजर खोकते, हेच पुष्कळदा लक्षात येत नाही. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटेरी उंचवटे असतात. अंग चाटताना त्यांत अडकलेले केस पोटात जातात व कधीकधी त्यांची गुंडाळी होऊन ती ओकून बाहेर पडते. खोकणारे मांजर व केसांची गुंडाळी ओकू पाहणारे मांजर वरवर सारखे दिसते. दोन्ही वेळी ते जमिनीलगत दबून बसते आणि मान पुढे ताणते. वांतीच्या वेळी पोटाचे स्नायू लयबद्ध रीतीने आत ओढले जातात व अखेरीस काहीतरी बाहेर पडते. खोकल्यात घशातून कोरडा किंवा घरघरीचा आवाज येतो, झटके एकापाठोपाठ एक येतात व शेवटी मांजर बहुधा नुसता आवंढा गिळते. खोकल्याबरोबर घशापर्यंत आलेला कफ ते गिळून टाकत असल्याने तो पाहणाऱ्यास दिसत नाही. ‘घशात केस अडकला आहे’ असा समज करून घेऊन महिनोन्‌महिने केवळ तेलकट रेचके देत राहणे व तेवढ्या काळात श्वासनलिकांचा विकार बळावणे, हा प्रकार आजही घडतो. या विषयाच्या इतिहासाची गुंतागुंत या मूळच्या गैरसमजापासूनच सुरू होते.

प्राचीन काळ : प्राचीन पशुवैद्यक हे मुख्यतः राज्याच्या व शेतीच्या उपयोगी पडणाऱ्या जनावरांचे शास्त्र होते. भारतात शालिहोत्राच्या नावाने ओळखली जाणारी अश्ववैद्यकाची परंपरा, पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद व नकुलाच्या नावावर असलेला अश्वचिकित्सेचा ग्रंथ यांवरून हे स्पष्ट होते. माणसाच्या खोकल्याचा विचार आयुर्वेदात बारकाईने झाला होता. चरकसंहितेत कासाचे वातज, पित्तज, कफज, क्षतज व क्षयज असे पाच प्रकार सांगितले असून श्वासाच्या प्रकारांत तमक श्वासाचे वर्णन आहे व त्याचे दम्याशी पुष्कळ साम्य आहे. मांजरासाठी मात्र घोडा किंवा हत्ती यांच्यासारखे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले नाही. ईजिप्तमध्ये बास्टेट देवतेच्या रूपाने मांजर पूज्य मानले जाई व त्याचे मृत शरीर मसाले भरून जतन केले जाई. तरी काहून येथे सापडलेल्या पशुवैद्यकीय पपायरसाच्या अवशेषांतील मजकूर प्रामुख्याने गुरांविषयी आहे. रोमन ग्रंथकार व्हिजीशियस याचा पशुवैद्यकावरील ग्रंथही मुख्यत्वे घोडे व खेचरे यांसंबंधी आहे. पूज्यता किंवा घरातील सहवास यांमुळे मांजराच्या वाट्याला वैद्यक आले नाही. धान्याच्या कोठारातील उंदीर मारणारे व आपले आपण जगणारे जनावर हेच त्याचे स्थान राहिले.

महाविद्यालयीन पशुवैद्यकाचा उदय : क्लोद बूर्झला यांनी फ्रान्समध्ये लीआँ येथे स्थापन केलेले पशुवैद्यकीय विद्यालय १७६२ मध्ये सुरू झाले. लंडन येथील विद्यालय १७९१ मध्ये स्थापन झाले. या संस्थांपुढील तातडीचे प्रश्न गुरांच्या साथी व लष्करातील घोडे हे होते. मुंबईतील परळ येथे १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हाही घोडा व बैल हीच प्रमुख जनावरे शासनाच्या दृष्टीपुढे होती.

परिस्थितीत बदल झाला तो शहरी मध्यमवर्गाच्या घरांतून. हॅरिसन वीअर यांच्या पुढाकाराने १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले व त्यानंतर मांजरांच्या जाती जोपासण्याची आवड इंग्लंडमध्ये वाढली. जातिवंत मांजराला किंमत आली, तसा त्याच्या आजारपणाला वैद्यही मिळू लागला. या प्रदर्शनांमुळे अनेक ठिकाणची मांजरे एकत्र येऊन श्वसनमार्गाचे संसर्गजन्य रोग पसरण्यासही अनुकूल परिस्थिती निर्माण झाली. मांजरांवरील छोटी वैद्यकीय पुस्तके याच सुमारास निघू लागली. तथापि त्यांतील उपचार बहुतांशी कुत्र्यावरून किंवा माणसावरून घेतलेले होते. मांजर म्हणजे लहान कुत्रा, हे गृहीत त्यामागे होते व ते पुढे अनेक दशके टिकून राहिले.

दम्याचे पहिले वर्णन : जे. वुडरॉफ हिल यांनी मांजरांच्या रोगांवरील आपल्या पुस्तकात १९०६ मध्ये श्वासनलिकांच्या एका विकाराचे वर्णन केले. त्यात श्लेष्म्याचे वाढलेले प्रमाण, श्वासनलिकांचा दाह, धाप व श्वासाबरोबर येणारा शिटीसारखा आवाज यांचा उल्लेख होता. मांजरांतील दम्याचे हे पहिले वर्णन म्हणून सामान्यतः मानले जाते. रोगाचे चित्र अचूक असले, तरी त्याचे कारण सांगण्याची साधने त्या वेळी उपलब्ध नव्हती. ॲलर्जी (अधिहर्षता) हा शब्ददेखील क्लेमेन्स फोन पीर्के यांनी त्याच वर्षी प्रचारात आणला होता. हिल यांच्या वर्णनानंतर बराच काळ ‘मांजराचा श्वासनलिकादाह’ या एकाच नावाखाली निरनिराळे रोग एकत्र राहिले. त्यांची फोड तीन दिशांनी झाली : जीवोपजीवी कृमी, व्हायरस व सूक्ष्मजंतू आणि ॲलर्जी.

फुप्फुसकृमी : फ्रेंच जीवोपजीविवैज्ञानिक आल्सीद राये यांनी १८९८ मध्ये मांजराच्या फुप्फुसात राहणाऱ्या केसासारख्या बारीक गोलकृमीचे वर्णन केले. हा कृमी आज एल्यूरोस्ट्राँजिलस ॲबस्ट्रूसस या नावाने ओळखला जातो. तो मांजराच्या शरीरात कसा शिरतो, हा प्रश्न मात्र बराच काळ अनिर्णित राहिला. टी. डब्ल्यू. एम. कॅमरन यांनी १९२७ च्या सुमारास उंदीर हा त्याचा मध्यस्थ पोषक असल्याचे मत मांडले. संसर्ग झालेला उंदीर खाल्ल्याने मांजरास रोग होत असल्यामुळे हे मत सयुक्तिक वाटत होते. होबमायर दांपत्याने १९३५ मध्ये दाखवून दिले की, खरे मध्यस्थ पोषक गोगलगायी व शंखहीन गोगलगायी हे मृदुकाय प्राणी आहेत. मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडलेले डिंभ (अळ्या) त्यांच्या शरीरात वाढतात. गोगलगाय खाणाऱ्या उंदीर, पक्षी, सरडा किंवा बेडूक यांच्या शरीरात ते पुढे वाढत नाहीत, नुसते टिकून राहतात. अशा भक्ष्यातून ते मांजरापर्यंत पोहोचतात. म्हणजे कॅमरन यांना आढळलेला उंदीर हा साखळीतील खरा दुवा होता, परंतु त्याचे स्थान केवळ वाहकाचे होते.

या शोधाचे महत्त्व व्यावहारिक होते. कृमींची अंडी फुप्फुसात फुटून डिंभ श्वासनालेतून घशात येतात, गिळले जातात व विष्ठेवाटे बाहेर पडतात. म्हणून खोकल्याचे कारण विष्ठेच्या तपासणीत सापडते, ही सर्वसामान्य तर्काला चमत्कारिक वाटणारी गोष्ट पशुवैद्याच्या हाती आली. डच ईस्ट इंडीजमध्ये काम करणारे वैद्य गुस्टाफ बेअरमान यांनी १९१७ मध्ये मातीतील अंकुशकृमींचे डिंभ वेगळे करण्यासाठी एक पद्धत योजली होती. नसराळ्यात कोमट पाणी घेऊन त्यात जाळीवर वा कापडावर नमुना ठेवला, म्हणजे जिवंत डिंभ हालचाल करीत पाण्यात उतरतात व तळाशी जमतात. माणसाच्या आतड्यातील कृमींसाठी निघालेली ही साधी युक्ती मांजराच्या खोकल्याच्या निदानास फार उपयोगी पडली व आजही वापरात आहे. फेनबेंडॅझोल व त्यानंतर मानेवरील त्वचेवर लावावयाची द्रवरूप औषधे उपलब्ध झाल्यावर हा रोग बरा करणे सुकर झाले.

व्हायरस व सूक्ष्मजंतू : जेम्स ए. बेकर यांनी १९४२ मध्ये अमेरिकेत मांजरांच्या श्वसनरोगास कारण होणारा, त्या वेळी व्हायरस समजला गेलेला एक कारक वेगळा केला. ‘मांजरांचा फुप्फुसदाह’ या नावाने तो ओळखला जाऊ लागला व पुढील सु. १५ वर्षे मांजरांच्या पडशाचे प्रमुख कारण म्हणून त्याकडे बोट दाखविले जाई. हा कारक व्हायरस नसून क्लॅमिडिया हा कोशिकेच्या आत वाढणारा सूक्ष्मजंतू आहे व तो मुख्यत्वे डोळ्याच्या श्लेष्मकलेचा दाह करतो, हे नंतर स्पष्ट झाले. न्यूझीलंडमध्ये फास्टिअर यांनी १९५७ मध्ये मांजरांतील कॅलिसिव्हायरस वेगळा केला, तर क्रँडेल व मौरर यांनी १९५८ मध्ये अमेरिकेत नाक व श्वासनाल यांचा दाह करणारा हर्पिस व्हायरस शोधून काढला. मांजरांच्या ‘फ्ल्यू’ची बहुसंख्य प्रकरणे या दोन व्हायरसांमुळे होतात, हे सिद्ध झाल्यावर १९७० नंतरच्या दशकात त्यांविरुद्धच्या लशी प्रचारात आल्या. या लशींमुळे रोगाची तीव्रता कमी होते; परंतु संसर्ग पूर्णपणे टळत नाही. हर्पिस व्हायरस बऱ्या झालेल्या मांजराच्या तंत्रिकांत सुप्तावस्थेत राहून ताणाच्या काळात पुन्हा प्रकट होतो. या रोगांत शिंका, नाकाडोळ्यांतून स्राव व तोंडातील व्रण ही मुख्य लक्षणे असतात. त्यामुळे ही लक्षणे नसताना दीर्घकाळ खोकणाऱ्या मांजराचा रोग वेगळा असला पाहिजे, हा विचार बळावला.

प्रयोगशाळेतील मांजर : रुग्ण म्हणून मांजराची उपेक्षा होत असताना प्रयोगशाळेत त्याचे श्वसन काटेकोरपणे मोजले जात होते. एच. एल. बोरिसन यांनी १९४८ मध्ये मांजराच्या मेंदूतील लंबमज्जेस विद्युत् उद्दीपन देऊन झटक्याने होणाऱ्या श्वसनक्रियांचे नियमन करणारी यंत्रणा अभ्यासिली. ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जॉन विडिकोंब यांनी १९५४ मध्ये मांजराच्या श्वासनाल व श्वासनलिका यांतील संवेदनाग्राहकांवर संशोधन प्रसिद्ध केले. ताणाने व क्षोभक पदार्थांनी उद्दीपित होणारे ग्राहक वेगवेगळे असून त्यांच्याकडून निघणारे संदेश प्राणेशा तंत्रिकेमार्गे मेंदूकडे जातात, हे त्यातून स्पष्ट झाले. चेकोस्लोव्हाकियातील युराय कोरपाश व झोल्टान टोमोरी यांचा खोकल्यावरील ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही मांजरांवरील प्रयोगांना मोठे स्थान आहे. माणसासाठी खोकलाशामक औषधे तयार करताना त्यांची परिणामकारकता मांजरांवर अजमावली गेली. हे सर्व संशोधन माणसाच्या खोकल्यासाठी होते. मांजराच्या रोगनिदानात त्याचा उपयोग व्हावा, असा प्रयत्न करणारे चिकित्सक पुढील पिढीत निघाले.

चिकित्सेतील प्रगती : इंग्लंडमध्ये १९५८ साली मांजरांच्या आरोग्यविषयक माहितीसाठी एक स्वतंत्र संस्था निघाली. अमेरिकेत १९७१ मध्ये केवळ मांजरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांची संघटना स्थापन झाली, तर कॉर्नेल विद्यापीठात १९७४ मध्ये मांजरांच्या रोगांच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले. याच विद्यापीठातील एन. सिडनी मोइझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०–८६ या काळातील श्वासनलिकाविकार झालेल्या ६५ मांजरांची लक्षणे, क्ष-किरण चित्रे व श्वासनलिकांतील कोशिका यांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. फिलिप पॅड्रिड यांनी १९९० नंतरच्या दशकात प्रयोगाने दमा निर्माण केलेल्या मांजरांवर संशोधन केले. मांजराच्या श्वासनलिकांच्या आकुंचनात सेरोटोनीन या पदार्थाचा महत्त्वाचा भाग असतो, असे त्यातून आढळले. या बाबतीत मांजर माणसाहून वेगळे ठरते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००४ मध्ये धुळीतील कोळीवर्गीय सूक्ष्मजीव (माइट) व बर्म्यूडा गवत (हरळी) यांच्या ॲलर्जीने मांजरांत दम्याची प्रतिकृती निर्माण केली. हिल यांनी वर्णन केलेल्या रोगाला सु. शंभर वर्षांनी कारणाची जोड मिळाली.

औषधे व त्यांचे धोके : फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णास कॉर्टिसोन दिले व १९५० मध्ये त्यांना एडवर्ड केंडल व टाडेउश राइखस्टाइन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. या गटातील औषधांनी दाह कमी होत असल्याने ती मांजरांच्या दम्यातही वापरण्यात येऊ लागली. आज त्यांतील प्रेडनिसोलोन हे प्रमुख आहे. दीर्घकाळ दिल्यास मधुमेहासारखे दुष्परिणाम होण्याचा धोका असल्याने औषध थेट श्वासनलिकांत पोहोचविण्याची गरज भासू लागली. माणसासाठी मोजून मात्रा सोडणारा फवारा १९५६ मध्ये बाजारात आला. १९६९ मध्ये साल्ब्यूटामॉल व १९७२ मध्ये बेक्लोमेथासोन ही औषधे फवाऱ्याच्या स्वरूपात मिळू लागली. परंतु सांगितल्या क्षणी दीर्घ श्वास घेणे मांजरास शक्य नसते. फवाऱ्यास पोकळ नळकांडे व त्याच्या टोकास नाकातोंडावर बसणारा मुखवटा जोडून ही अडचण दूर करण्यात आली. नळकांड्यात औषध तरंगत राहते व मांजर आपल्या नेहमीच्या गतीने काही श्वास घेते तेवढ्यात ते आत जाते. या पद्धतीचा प्रसार विसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतर झाला. फ्लुटिकासोन हे औषध यासाठी विशेष वापरतात. त्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास एकदोन आठवडे लागतात. म्हणून प्रारंभी तोंडाने औषध चालू ठेवावे लागते व आकस्मिक झटक्यासाठी श्वासनलिका रुंदावणारे औषध वेगळे द्यावे लागते.

माणसाची औषधे मांजरास देण्याचा मार्ग मात्र सर्वत्र सुरक्षित नाही. खोकला-पडशावर घरोघरी वापरले जाणारे पॅरासिटामॉल मांजरास अत्यंत विषारी आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या यकृतात हे औषध ग्लुकुरोनिक अम्लाशी जोडले जाऊन निरुपद्रवी होते. मांजरात यासाठी लागणाऱ्या एंझाइमाचे जीन निकामी झालेले आहे, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. त्यामुळे औषधाचे विषारी घटक साचून तांबड्या कोशिकांतील हीमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेण्यास असमर्थ होते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, चेहरा सुजतो व एखाद्या गोळीनेही मृत्यू ओढवू शकतो. मांजर म्हणजे लहान कुत्रा किंवा लहान मूल नव्हे, या गोष्टीचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

हृदयकृमी : जोसेफ लेडी यांनी १८५६ मध्ये कुत्र्यातील डायरोफिलेरिया इमिटिस या हृदयकृमीचे वर्णन केले व विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा प्रसार डासांमार्फत होत असल्याचे सिद्ध झाले. मांजरातील प्रारंभीच्या नोंदींपैकी एक १९२१ मधील ब्राझीलची आहे. मांजर हा या कृमीचा सोयीचा पोषक नसल्याने त्याच्या शरीरात बहुधा एकदोनच कृमी वाढतात व रक्तात सूक्ष्म डिंभ क्वचितच सापडतात. म्हणून हा रोग मांजरांत दुर्मिळ समजला जाई. पुढे असे लक्षात आले की, डास चावल्यानंतर तीनचार महिन्यांनी अपक्व कृमी फुप्फुसातील रोहिण्यांत पोहोचतात व त्यांतील बहुतेक तेथेच मरतात; त्या वेळी होणाऱ्या दाहामुळे मांजर दम्याच्या रोग्याप्रमाणे खोकते व धापा टाकते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हृदयकृमिजन्य श्वसनरोग असे स्वतंत्र नाव यास देण्यात आले. कुत्र्यातील प्रौढ कृमी मारणारे आर्सेनिकयुक्त औषध मांजरास धोक्याचे असल्याने महिन्यातून एकदा द्यावयाच्या औषधांनी रोग टाळणे, हाच मुख्य उपाय आहे. या औषधांतील आयव्हरमेक्टिनाच्या मूळ शोधाबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कँबेल यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिकाचा भाग मिळाला. ईशान्य भारतातील कुत्र्यांत हा कृमी आढळत असल्याने भारतीय पशुवैद्यांसही या शक्यतेचा विचार करावा लागतो.

आजचे निदान : वरील इतिहासामुळे मांजराच्या खोकल्याचे निदान टप्प्याटप्प्याने करण्याची पद्धत रूढ झाली आहे. खोकला व वांती यांतील फरक प्रथम निश्चित करतात. घरी घेतलेले चलच्चित्र यासाठी उपयोगी पडते. त्यानंतर छातीचे क्ष-किरण चित्र, विष्ठेची बेअरमान पद्धतीने तपासणी, हृदयकृमींसाठी रक्ततपासणी व आवश्यक तर श्वासनलिका धुऊन घेतलेल्या द्रवाची परीक्षा करतात. इओसीनरागी श्वेत कोशिका दमा व कृमिरोग या दोन्हींत वाढतात, शिवाय निरोगी मांजराच्या श्वासनलिकांतही त्या काही प्रमाणात असतात. त्यामुळे केवळ एका चाचणीवर विसंबून चालत नाही. प्रेडनिसोलोनाने कृमिजन्य दाहही तात्पुरता कमी होत असल्याने कृमींची शक्यता न तपासता ते देत राहिल्यास मूळ रोग झाकला जातो. हृदयविकाराने कुत्रा खोकतो, मांजर मात्र त्यामुळे क्वचितच खोकते. धाप लागलेल्या मांजरात हा भेद महत्त्वाचा ठरतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे हे मांजरात नेहमीच संकटाचे चिन्ह असून अशा वेळी घरगुती उपचारात वेळ न दवडता प्राणवायू देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात त्यास न्यावे लागते. उदबत्ती, धूम्रपान, सुगंधी फवारे व धुरळा उडणारी माती यांपासून दम्याच्या मांजरास दूर ठेवणे, हा उपचाराचाच भाग आहे.

मांजराच्या खोकल्याला अलीकडे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्व आले आहे. एच५एन१ या पक्ष्यांच्या इन्फ्ल्यूएंझाने २००४ मध्ये थायलंडमध्ये, २०२३ मध्ये पोलंडमध्ये व २०२४ मध्ये अमेरिकेत मांजरे दगावली. अमेरिकेतील काही मांजरांना संसर्ग बाधित गायींच्या कच्च्या दुधातून झाला होता. कोव्हिड-१९ चा व्हायरस माणसाकडून मांजरास होऊ शकतो, हे २०२० मध्ये आढळून आले. घर, गोठा व रान या तिन्ही ठिकाणी वावरणारा हा प्राणी रोगांच्या प्रवासातील दुवा ठरू शकतो. एके काळी केसांची गुंडाळी म्हणून दुर्लक्षिले गेलेले लक्षण वेळीच ओळखणे त्यामुळे मांजर व माणूस या दोघांच्याही हिताचे झाले आहे.